तिसरी टाकी

“तिसऱ्या टाकीतल्याइले तं आपन काईच केलं नाई,” डोमाजी म्हणाला. “मंग त्याइले काऊन कापून राह्यली, बाई?”

पौर्णिमा वर्तमानपत्रावर कात्र्या आणि चिमटे ओळीनं मांडत होती. उद्यासाठी. तिनं मान वर केली नाही. “म्हनूनच, काका. काईच न केलेला शिंपला आतून कसा राह्यते, हे पाह्यल्याबिगर केलेल्याचं काय झालं, हे कसं समजंन?”

डोमाजीला ते समजलं नाही असं नाही. अर्धं समजलं. उरलेलं अर्धं त्याच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेशी अडलं.

“उद्या एकादशी हाये,” तो म्हणाला.

“मले मालूम हाये. तारीख सरनं ठरवली, नाई तं मी परवा धरली असती. तुमी उद्या येऊच नका. मी दोन पोरी बोलावल्या हायेत, होऊन जाईन.”

तिनं हे मायेनं म्हटलं होतं. पुढं कितीतरी दिवस डोमाजीला टोचत राहिलं ते हेच.

देवळीच्या अलीकडे एका कॉलेजचं संशोधनाचं शेत होतं. तिथं डोमाजी चोवीस वर्षं रोजंदारीवर होता. कोणी कपाशीवर प्रयोग करायचं, कोणी तुरीवर. पोरं यायची, दोन-तीन वर्षं राहायची, नावापुढे डॉक्टर लावून जायची. पाणी देणारा, निंदण करणारा, पाट्या रंगवणारा डोमाजी तेवढा तिथंच. पण पौर्णिमा आली तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटलं, की ह्या कामात आपलंही कोणी आहे. ती त्याच्याच गावची, नागसेनची पोर. शाळेत जाताना डोमाजीच्या बोरीखाली दगड मारत उभी राहायची. घराण्यातली पहिलीच एवढी शिकलेली. तिनं विषय काढला तो ऐकून आधी सगळे हसले होते: गोड्या पाण्यातले शिंपले आणि झेंडू.

तिचं म्हणणं साधं होतं. शेततळ्यात शिंपले पाळायचे, त्यांच्यात मोती धरवायचा, आणि तेच पाणी फुलांना द्यायचं. शिंपल्यांनी घाण केलेलं पाणी झेंडूला खत होतं, आणि झेंडूच्या मुळांतून गाळून आलेलं पाणी शिंपल्यांना मानवतं, असं तिला सिद्ध करायचं होतं. त्यासाठी सिमेंटच्या तीन टाक्या आणि तीन वाफे. पहिल्या टाकीतल्या शिंपल्यांच्या पोटात मणी घातलेले, पाणी बोअरवेलचं. दुसऱ्या टाकीतल्यांतही मणी, पण पाणी फुलांमधून फिरून आलेलं. तिसऱ्या टाकीत तीनशे शिंपले नुसते ठेवलेले. मणी नाही, काही नाही. प्रत्येकाच्या पाठीवर तिनं लाल नेलपॉलिशनं नंबर घातला होता.

मणी घालायच्या दिवसांत डोमाजीनं तिला शिंपले उचलून दिले होते, मान वळवून. आठ मिलिमीटर उघडायचा, नववा झाला की आतला स्नायू तुटतो आणि तो मरतो, असं ती सांगायची. मनातल्या मनात देवाचं नाव घेत डोमाजी एकेक पुढे करायचा. एकदा तिनं त्याला मेलेला शिंपला दाखवला. सताड उघडा. “पाहा काका, उघडायला त्याले काईच लागत नाई. बिजागरी आपोआप उघडते. मिटून राह्याले ताकद लागते. आतमंदी जीव हाये तवरच मिटून राह्यते.”

डोमाजीनं ते गावच्या कीर्तनकाराला, हरिदासबुवांना सांगितलं. बुवा वर्षानुवर्षं दृष्टांत देत आले होते, की स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडला की त्याचा मोती होतो. डोमाजी त्यांना म्हणाला होता, बुवा, थेंब-बिंब काही नसते, त्याच्या मांसात कुसळ शिरते, ते त्याला सहन होत नाही, काढताही येत नाही, म्हणून तो त्याच्यावर आपल्याच अंगातलं घालत बसतो. तोच मोती. पुढच्याच कीर्तनात बुवांनी भर मंडपात सांगितलं, की दुखण्याचा मोती करणं आपल्या डोमाजीकडून शिका. टाळकऱ्यांच्या पहिल्या ओळीत बसलेला डोमाजी त्या दिवशी ताल चुकला. दुसऱ्या दिवशी त्यानं हे पौर्णिमाला सांगितलं, तेव्हा ती हसून म्हणाली होती, “म्हंजे माह्या प्रबंधाच्या आधी तुमचा छापून झाला.”

फुलांचा त्यांच्यात एक नेम ठरला होता. वजन केल्याशिवाय फूल हलवायचं नाही. तोडायचं, मोजायचं, तोलायचं, वहीत लिहायचं. मग ती फुलं खतखड्ड्यात जायची. डोमाजीनं भीत भीत विचारलं होतं, लिहून झाल्यावर देवाला नेली तर चालतील का. ती म्हणाली, लिहून झालं की माझं काम झालं, न्या खुशाल. तेव्हापासून मंडपातल्या माळा प्रयोगाच्या झेंडूच्या असायच्या. दोन वर्षांत एकही फूल त्यानं मोजल्याशिवाय उचललं नाही.

त्या संध्याकाळी सायकलवरून घरी जाताना डोमाजीच्या डोक्यात हाच नेम फिरत होता. लिहून झालं की काम झालं.

आणि दुसरी एक गोष्ट. त्याच्या लहानपणी गावात देवाच्या नावानं गोऱ्हा सोडायचे. एकदा सोडला, की त्याला वेसण नाही, जू नाही, कोणाच्या पिकात शिरला तरी हात उगारायचा नाही. पहिल्या-दुसऱ्या टाकीतल्यांच्या पोटात मणी गेला, त्यांचं प्रारब्ध ठरलं. पण तिसरीतल्यांना दोन वर्षं कोणी बोट लावलं नव्हतं. डोमाजीच्या हिशेबानं ते सोडलेलेच होते. आता एकाएकी त्यांच्यावर सुरी कशी?

दिवस उजाडला तेव्हा तो शेतावर होता. आंघोळ करून, उपाशी. त्यानं तिसऱ्या टाकीत उतरून एकेक शिंपला वर काढला, धुतला, नंबर वाचला, तराजूत तोलला आणि ओल्या पोत्याखाली क्रेटमध्ये ठेवला. काहीच वगळलं नाही. वहीत लिहिलं: ‘तीन नंबर टाकी. जिवंत २८७. मेलेले आधीच लिहिले आहेत. मोजून, तोलून यशोदेत सोडले. डोमाजी.’ खाली सगळी वजनं, चार पानं. मग दोन क्रेट सायकलला बांधून तो यशोदा नदीवर गेला आणि बंधाऱ्याच्या वरच्या डोहात, कमरेएवढ्या पाण्यात, मूठ मूठ करून त्यांना सोडलं. ते तळाला गेले. थोड्या वेळानं एकेकानं कवच किलकिलं करून जिभेसारखा पाय बाहेर काढला आणि चिखलात शिरायला लागला. डोमाजीनं हात जोडले. इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पौर्णिमा दहाच्या बसनं आली. रिकाम्या टाकीशी उभी राहिली. मग वही उघडून वाचली, चारही पानं. डोमाजी वाफ्यात पाणी देत होता. त्याला वाटलं ती काहीतरी बोलेल, चिडेल. ती आली आणि टाकीच्या कडेवर बसली.

वजनं किती नीट घेतली आहेत, ती म्हणाली. मग तिनं त्याला सांगितलं, अगदी हळू, शाळेतल्या पोराला सांगावं तसं, की वजन आणि लांबी ती दर महिन्याला घेतच होती. आज हवं होतं ते आतलं. मांस किती, कवच किती, मण्याच्या जागी आत काय. ते पाहिल्याशिवाय बाकीच्या सहाशे शिंपल्यांचं काय झालं ते कशाशी ताडून पाहायचं? दोन टाक्या आहेत, पण तिसरीशिवाय त्या नुसत्या दोन टाक्या आहेत.

डोमाजीच्या हातातून नळी सुटली आणि पाणी पायवाटेवर वाहत राहिलं.

“तुमी मले विचारलं काऊन नाई, काका?”

त्यानं नळी उचलून पुन्हा वाफ्यात टाकली. खोटं बोलता आलं असतं.

“इचारलं असतं तं तू नाई म्हटलं असतं.”

“हो,” ती म्हणाली. “नाईच म्हटलं असतं.”

ती दोघं नदीवर गेली. डोमाजी तसाच कपड्यानिशी डोहात उतरला आणि तळव्यांनी चिखल चाचपू लागला. सकाळी ज्यांना सुरीखाली जाऊ द्यायचं नव्हतं त्यांना आता तोच सुरीसाठी शोधत होता, एकादशीच्या दिवशी, आणि तोंडात नाव होतं. दुपारपर्यंत एकोणीस सापडले. काठावर उभ्या पौर्णिमानं सांगितलं, बस करा. नदीचं पाणी एकदा त्यांच्या अंगात गेलं, ते आता टाकीतले नाहीत. डोमाजीनं ते एकोणीसही परत पाण्यात सोडले.

संध्याकाळी तिचे मार्गदर्शक सर आले. त्यांनी तोडगा काढला. एवढं कोण पाहायला येतं. कोणाच्या तळ्यातून तीनशे विकत आण, काप, आकडे बसव, वर्ष वाचव. डोमाजी दाराबाहेर होता, त्याला शब्दन् शब्द ऐकू येत होता. त्यानं मनापासून इच्छा केली, की पोरीनं हो म्हणावं. जन्मभर कीर्तनात सत्य ऐकलेला माणूस तो; त्या क्षणी त्यानं देवाला खोट्यासाठी गळ घातली.

“पन ते तिसऱ्या टाकीतले नसतीन ना, सर,” पौर्णिमाचा आवाज आला.

सरांनी पुन्हा सांगितलं नाही. तिची मुदत आधीच दोनदा वाढवून झाली होती. तिसऱ्यांदा अर्ज केला, तो फाल्गुनात नामंजूर होऊन परत आला, आणि तिचं संशोधन तिथंच संपलं. पहिल्या दोन टाक्यांचे मोती एका डबीत घालून कपाटात ठेवले गेले, त्यांचं पुढं काय झालं कोणास ठाऊक. डोमाजीनं स्वतः जाऊन सांगितलं, की चूक माझी, मला काढा. कोणी काढलं नाही. कागदावर प्रयोग विद्यार्थिनीचा होता, चूकही विद्यार्थिनीची. मजुराची चूक लिहायला त्या कागदात रकाना नव्हता. त्याला गोठ्याकडे पाठवलं.

घरी आनंदाबाईनं, त्याच्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं. भाकर थापत होती, थापतच राहिली. “तीनशे तारले न एक मारली,” ती म्हणाली. “मोठं पुन्य कमावलं तुमी.” त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही, आणि काढायची गरजही पडली नाही.

रामनवमीचा सप्ताह आला. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन. डोमाजी ह्या वेळी पहिल्या ओळीत बसला नाही, मागं खांबाला टेकून बसला, टाळ मांडीवर. हरिदासबुवांच्या कानावर गोष्ट गेली होती, अर्धीच. मुक्या जिवांवरची दया सांगता सांगता ते थांबले, वीणेकऱ्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, लांबची उदाहरणं कशाला, आपल्या गावात एक माणूस आहे, सुरीखालून ह्यानं तीनशे जीव सोडवले, नोकरीची पर्वा केली नाही. मग त्यांनी नाव घेतलं. मंडपात टाळांचा कल्लोळ झाला. बायका वळून पाहू लागल्या. डोमाजी नको नको म्हणत असता दोघांनी त्याला धरून पुढं नेलं, आणि बुवांनी आपल्या गळ्यातली माळ काढून त्याच्या गळ्यात घातली.

झेंडूची होती. प्रयोगाच्या वाफ्यातली. तिथं आता फुलं कोणी मोजत नव्हतं, म्हणून पोरांनी पाट्या भरभरून तोडून आणली होती.

डोमाजी बुवांच्या पाया पडला. बुवा, पुढची गोष्ट सांगा, असं त्याला म्हणायचं होतं. त्या पोरीचंही नाव घ्या. पण समोर अख्खं गाव हात जोडून बसलं होतं आणि बुवांचे डोळे खरोखर भरून आले होते. आयुष्यात पहिल्यांदा तो कीर्तन अर्धं टाकून उठला.

घरी जायची वाट नागसेनच्या अंगणावरून होती. मंडपाचा भोंगा लिंबाच्या झाडाला, तोंड ह्याच बाजूला. नागसेन खाटेवर बसला होता. डोमाजीनं गळ्यातली माळ चालता चालता काढायला हवी होती. ते त्याला आता सुचलं.

“ऐकलं, डोमाजीभाऊ,” नागसेन म्हणाला. “समदं ऐकू आलं.”

आत जाऊन त्यानं तांब्या आणला, पुढे केला. डोमाजी उभ्यानं पाणी प्याला. पोर कशी आहे, त्यानं विचारलं. नागसेन म्हणाला, सावंगीला एका लॅबमध्ये लागली आहे, रक्ताच्या बाटल्यांवर नंबर टाकायचं काम. नंबर टाकायची तिला सवय होतीच. हे म्हणताना तो हसला नाही आणि रागावलाही नाही, आणि डोमाजीला वाटलं की त्यानं रागवायला हवं होतं.

वैशाखात डोमाजी नदीवर गेला. बंधाऱ्याची फळी कोणीतरी उपसली होती, खालच्या गावाला पाणी सोडायला असेल. डोह आटला होता. मधोमध जनावरांच्या खुरांनी तुडवलेला चिखल, त्याच्याभोवती भेगाळलेली माती, आणि मातीत सगळीकडे शिंपले. उघडे. आतली चमक उन्हात डोळ्यांना लागत होती. पाणी मागं सरकत गेलं तसतसे ते मागं सरकत गेले असणार. चिखलात त्यांच्या रेघा अजून दिसत होत्या. बऱ्याच रेघा पाण्याच्या दिशेनं निघाल्या होत्या. काही भलत्याच दिशेला.

तो खाली बसला. एक उचलला, अंगठ्यानं माती पुसली. लाल रंग टिकला होता. ३-११६.

तीन दिवस तो गोठ्याचं काम उरकून नदीवर जात राहिला. सापडले ते सगळे घरी आणले, घासून धुतले, आणि आनंदाबाईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात नंबरवार लावले. बिजागरी वाळली की मोडते म्हणून फडकं ओलं ठेवलं. आनंदाबाईनं एक-दोन नंबर वाचून दिले. त्याची नजर आता पूर्वीसारखी राहिली नव्हती.

सावंगीला तो एसटीनं गेला. लॅब रस्त्याच्या कडेलाच होती. बाकड्यांवर माणसं, कोणाच्या दंडाला कापूस. काचेमागे पौर्णिमा पांढऱ्या कोटात बसली होती, नाव विचारत होती, नळीवर चिठ्ठी चिकटवत होती. तिनं त्याला पाहिलं आणि आधी तिला वाटलं, की ह्याला काही झालं. दोन पेशंट आटोपून ती बाहेर आली.

“बरं हाये ना काका? काकू?”

त्यानं पिशवी बाकड्यावर ठेवून फडकं उलगडलं. “दोनशे चौदा सापडले,” तो म्हणाला. “लाईनीनं लावले. डोह आटला, बाई. एकबी नाई वाचला.”

हे सांगायला तो आला होता. हे तिला कोणीतरी सांगायला हवं, आणि ते आपणच सांगावं, एवढं त्याला तीन दिवसांत कळलं होतं. त्याला वाटलं, आता तरी ती रागानं बोलेल.

पौर्णिमाचा हात आपोआप पुढं झाला आणि तिनं एक शिंपला उचलला. ३-४१. आत जाऊन ती ड्रॉवरमधून लहान पट्टी घेऊन आली, तशी पट्टी लॅबमध्ये कशाला लागत असेल देव जाणे. टोकापासून टोकापर्यंत लावली. मोबाइल काढून जुन्या वहीचे फोटो सरकवत सरकवत एक पान शोधलं, त्यातली ओळ बोटानं धरली. पट्टी पुन्हा लावली.

“वाढला होता,” ती म्हणाली.

“आं?”

“सोडल्यावर. एक मिलिमीटर वाढला होता, काका. टाकीत महिना महिना नोता वाढत.”

क्षणभर तिचा चेहरा टाकीच्या काठावरच्या पौर्णिमासारखा झाला. डोमाजीनं खिशातलं पेन काढलं, जुन्या सवयीनं.

“लिहून ठिवू?”

तिनं मोबाइल कोटाच्या खिशात टाकला.

“कुठं लिहायचं, काका?”

आतून कोणीतरी पुढचा नंबर पुकारला. बाकड्यावरची एक म्हातारी बाही सरकवत उठली. पौर्णिमानं फडकं चारी बाजूंनी नीट दुमडलं. म्हणाली, इथं ठेवायला जागा नाही, घेऊन जा. उन्हात फिरू नका. येता-जाता बाबांकडे जात जा, त्यांना बरं वाटते. मग हातातला शिंपला त्याच्या तळव्यावर ठेवून ती काचेमागे गेली. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला, काल्याचा प्रसाद घ्यावा तसा.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. पिशवी पायांशी, ३-४१ हातात. फडक्यातल्या ओलाव्यानं त्याची बिजागरी अजून मऊ होती. डोमाजीनं दोन बोटांनी तो मिटला. बोटं सैल केली, तसा तो उघडला. त्यानं पुन्हा मिटला, आणि देवळी येईपर्यंत बोटं ढिली केली नाहीत.